तेल कुठले, पेंड कुणाची?

स्थानिक स्वावलंबनाची चर्चा हवेत सुरू झाली की हवेतच संपते. एक बाजू ग्रामस्वराज्याचे गोडवे गाते, दुसरी जागतिक व्यापाराचे फायदे मोजून दाखवते आणि दोघेही आपापल्या जागी घट्ट राहतात. म्हणून इथे एकच जिन्नस घेतला आहे: खाद्यतेल. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. इंडोनेशिया-मलेशियाचे पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयाबीन, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल असे मिळून वर्षाकाठी साधारण १६० लाख टन. करडई, भुईमूग, तीळ, जवस आणि कारळे पिकवणाऱ्या महाराष्ट्राचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. मांडणीची रीत जुन्या भाष्यकारांची ठेवली आहे: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात काही हशील नाही. बाजार समितीत, शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावर आणि अर्थशास्त्राच्या वर्गात तो ज्या ताकदीने मांडला जातो, त्याच ताकदीने तो इथे यावा असा प्रयत्न आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष: हिशेबापासूनच सुरुवात करू. मलेशियात किंवा इंडोनेशियात एका हेक्टर पामबागेतून तीन-चार टन तेल निघते. आपल्याकडे सोयाबीनचे उत्पादन हेक्टरी टनाच्या आसपास आणि त्यात तेल अठरा टक्के. म्हणजे हेक्टरी १८० किलो. बाहेरून येणारे सगळे तेल सोयाबीनमधून काढायचे म्हटले, तर जवळजवळ नऊ कोटी हेक्टर जमीन लागेल. देशाचे निव्वळ पेरणीखालचे क्षेत्रच चौदा कोटी हेक्टर आहे. मग गहू, तांदूळ, डाळी पेरायच्या कुठे? भुईमूग धरला तरी तीन कोटी हेक्टरांच्या घरात जाते. दुसऱ्याला जे आपल्यापेक्षा चांगले पिकवता येते ते त्याच्याकडून विकत घ्यावे, यात कमीपणा कसला? आणि स्वस्त तेलाचा फायदा कुणाला झाला तेही पाहा. १९५०च्या दशकात माणशी वर्षाला जेमतेम तीन किलो तेल वाट्याला येत होते. तळण सणासुदीलाच व्हायचे आणि भाजी बहुधा पाण्यावर शिजायची. पामतेलाने गरिबाच्या कढईत तेल आणले. तुमचे स्वावलंबन त्या कढईतले तेल काढून घेणार असेल, तर तसे त्याच्यासमोर उभे राहून सांगा.

उत्तरपक्ष: तुमचे गणित बरोबर आहे आणि शंभर टक्के स्वावलंबनाचा दावा मी करत नाही. पण त्या गणितातले दोन आकडे तुम्ही जागचे न हलणारे धरले आहेत. पहिला मागणीचा. आज आपण माणशी वर्षाला एकोणीस-वीस किलो तेल खातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार बारा किलो पुरेसे आहे. बारा किलोने हिशेब केला तर देशाची गरज साधारण १७० लाख टन होते, आणि आज देशातच १२० लाख टन तयार होते. उरते पन्नास लाख टनांची तूट. मागणी एका वर्षात बारा किलोंवर येणार नाही हे उघड आहे, पण अशक्य म्हणून दाखवलेला डोंगर कुठून किती चढायचा आहे ते त्यावरून कळते. शिवाय वरचे हे सात-आठ किलो गरिबाच्या कढईतले नाहीत. पामतेलाचा मोठा वाटा बिस्किटे, फरसाण, वनस्पती तूप, हॉटेले आणि पाकीटबंद खाऊ यांत जातो. कमी करायचे तर तिथे करायचे आहे.

दुसरा आकडा उत्पादनाचा. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, तेव्हा देशात ११० लाख टनांच्या आसपास तेलबिया पिकत होत्या. १९९६-९७ पर्यंत तो आकडा २४० लाख टनांवर गेला. त्या काळात बियाणे, हमीभाव, खरेदी आणि आयात यांचा विचार एकत्र होत होता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८८ साली ‘धारा’ बाजारात आणून तेलाच्या व्यापारात सहकाराचा शिरकाव करून दिला. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात आयात आपल्या गरजेच्या दोन-तीन टक्क्यांवर आली होती. मग १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला त्यावर ६५ टक्के शुल्क होते, चार वर्षांत ते १५ टक्क्यांवर उतरले. लोकसंख्या वाढली, खाणे वाढले, हे सगळे खरे. पण हे काम या देशाला जमण्यासारखेच नव्हते असे म्हणता येत नाही. जमत आलेले काम अर्ध्यावर टाकून दिले गेले, असेच ते आकडे सांगतात.

पूर्वपक्ष: त्या काळात ग्राहकाने जगापेक्षा महाग तेल घेतले, हेही त्याच आकड्यांच्या पोटात आहे. पण ते सोडा. तुम्ही शेतकऱ्याच्या नावाने बोलता, म्हणून शेतकऱ्याचीच बाजू मांडतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८०च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून एकच गोष्ट सांगितली: शेतकऱ्याला लुटणारी सर्वात मोठी यंत्रणा म्हणजे भाव पाडणारे सरकार. म्हणूनच डाव्यांपासून स्वदेशीवाल्यांपर्यंत सगळे व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध रस्त्यावर असताना ते त्याच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले, ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती मेपर्यंत उघडली नाही. प्रत्येक वेळी कारण एकच, देशातल्या लोकांना स्वस्त मिळावे. तुमचे स्वावलंबन सरकारच्या हाती गेले की ‘तू स्वस्तात पिकव आणि बाहेर विकू नकोस’ एवढाच त्याचा अर्थ उरतो. राहिली करडई. ती कुणी हिरावून नेली नाही, शेतकऱ्यानेच सोडली. काटे असे की कापणीला माणूस मिळत नाही, मावा पडला की पीक हातचे जाते, हेक्टरी पाच-सहा क्विंटलच्या वर उतारा नाही. त्याच्या उलट सोयाबीन शंभर दिवसांत निघते, दिवाळीला हातात पैसा येतो आणि त्याच रानात हरभरा होतो. शेतकरी वेडा नाही.

उत्तरपक्ष: नाहीच. आणि शरद जोशींचे निदान मला अर्ध्याहून अधिक मान्य आहे. पण तेलाच्या बाबतीत ते निदान शेवटपर्यंत नेले पाहिजे. कांद्याला भाव चढला की निर्यात बंद होते आणि तेलाला भाव चढला की आयात खुली होते. दोन्ही वेळा हात एकच आहे आणि मार खाणाराही एकच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५च्या अखेरीस ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. नऊ महिन्यांत दोनदा बदलणाऱ्या शुल्काच्या भरवशावर कोणता शेतकरी पेरणी ठरवील आणि कोणती बँक गिरणीला कर्ज देईल? याला मुक्त व्यापार म्हणायचे की संरक्षण? माझ्या मते हे दोन्ही नाही. ग्राहकाच्या नाराजीची भीती एवढेच यामागचे धोरण आहे.

आता त्याच हंगामातली दुसरी गोष्ट पाहा, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. शुल्क वाढले तरी महाराष्ट्रात सोयाबीनचा भाव सावरला नाही. हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत क्विंटलला चार हजार, सव्वाचार हजारांच्या आसपास सौदे होत होते. असे का व्हावे? कारण सोयाबीन नावाला तेलबी आहे. तिच्यातले तेल अठरा टक्के आणि बाकी बहुतेक पेंड, जिला व्यापारात डीओसी म्हणतात. तेव्हा जगात पेंडेचे भाव पडले होते, शिवाय देशात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला होता. तेलाचे दार थोडे लोटून घेतले, पण भाव पडला तो पेंडेच्या दाराने. त्यातही मोठी अडचण अशी की एवढ्या कमी तेलाची बी घाण्यात परवडेल अशी गाळता येत नाही. तिला सॉल्व्हंट प्लांट लागतो, हेक्झेनमध्ये बुडवून तेल ओढावे लागते आणि ते शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही. म्हणजे लातूर, वाशीम, धाराशिवच्या शेतकऱ्याने जे पीक जवळ केले ते त्याच्या गावात आणि बहुधा तालुक्यातही कुणाला तेलात उतरवता येत नाही. तो पोते घेऊन आडतीवर उभा राहतो. तिथे आधी मॉइश्चर पाहतात, मग डागी दाणा आणि माती, आणि मग भाव सांगतात. नको म्हणायला त्याच्याकडे जागाच नसते. तेलही तोच पुढे दुकानातून विकत घेतो आणि जनावराची पेंडही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९०च्या दशकात साऱ्या देशाबद्दल मांडलेली तक्रार होती की इथून कच्चा माल जातो, पक्का परत येतो आणि मधली कारागिरी व कमाई दुसऱ्याची होते. आज तेच तालुक्याला लागू पडते. आयातशुल्क कितीही वाढवले तरी ही घडी तशीच राहते, कारण स्वावलंबन बंदरात गमावण्याच्या आधी ते पिकाच्या आणि गिरणीच्या निवडीत गमावले गेले.

भुईमूग किंवा करडई पेरणाऱ्याची गोष्ट कशी वेगळी होती, ते घाण्याजवळ उभे राहिले की दिसते. आज शहरा-गावांत जे लाकडी घाणे चालतात त्यांना बैल नसतो, मोटर असते. पण उखळ आणि लाट लाकडाचीच. एका घाण्याला पंधरा-वीस किलो दाणे पडतात. लाट संथ फिरते, दाणे आधी भरडले जातात, मग त्यांचा लगदा होतो आणि कडेने तेल सुटू लागते. पाऊण-एक तासाने तेल काढून घ्यायचे, दोन-चार दिवस भांड्यात निवळू द्यायचे आणि गाळ खाली बसला की वरचे भरायचे. शंभर किलो शेंगदाण्यांमागे चाळीस किलोंच्या आसपास तेल आणि बाकी पेंड. घाण्याच्या पेंडेत तेल राहून जाते, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. सॉल्व्हंट प्लांट ते टक्काभरावर आणतो हे खरे. पण मागे राहिलेले तेल वाया जात नाही. ती पेंड त्याच गावातल्या दुभत्या जनावरापुढे जाते, त्यातून दूध होते आणि शेण त्याच रानात पडते. तेल, पेंड आणि मजुरी यांतली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी ओळखीच्या हाती राहते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर अखिल भारत ग्रामोद्योग संघाने घाणीत सुधारणा करायला घेतली, ती जुन्या वस्तूच्या मायेपोटी नव्हे. कमी ताकदीत जास्त तेल कसे निघेल, बैलाचे कष्ट कसे कमी होतील, यावर तिथे मोजमापाने काम झाले. या संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांचे म्हणणे असे होते की देवाणघेवाण जवळची असली की वस्तूमागचे बरे-वाईट डोळ्यांसमोर राहते. ती लांबची झाली की त्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. सुमात्रा-बोर्निओची जंगले तोडून लावलेल्या पामचे तेल आपण रोज खातो आणि त्या जंगलाचा विचार आपल्या मनाला शिवत नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे आजचे उदाहरण.

करडई शेतकऱ्याने सोडली, पण तिला सुधारण्यासाठी कोणी किती केले? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढले, आता तिची कापणी हार्वेस्टरनेही होते. शिवाय करडई रब्बीची आणि सोयाबीन खरिपाचे. करडईचे मूळ खोल जाते, त्यामुळे सोयाबीन निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येऊ शकते. हरभऱ्याशी तिची स्पर्धा आहे, सोयाबीनशी नाही. हरभऱ्याची जशी सरकारी खरेदी झाली तशी करडईची झाली असती, तर एकेकाळी महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर असलेले हे पीक आज हजारांत मोजण्याची वेळ आली नसती.

पूर्वपक्ष: घाण्याचे चित्र तुम्ही चांगले रंगवले, पण त्याच्यामागे उभा असलेला गाव रंगवला नाही. तो घाणा तेल्याचा होता. अलुते-बलुतेदारीत ज्याचा धंदा ज्याच्या जातीला चिकटलेला, त्या गावाला तुम्ही स्वावलंबी म्हणता? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या गावगाड्याचे जे वर्णन केले ते तुम्हाला ठाऊक आहे. अज्ञान आणि संकुचितपणाचे ते आगर आहे, असा त्याचा आशय होता. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांना सुटका मिळाली ती लांबच्या बाजाराने, गिरणीने, शहराने. जवळच्या देवाणघेवाणीत सगळे एकमेकांना ओळखतात याचा अर्थ सगळे एकमेकांची जातही ओळखतात. आणि ओळखीचा माल शुद्धच असतो हे तरी कुठे खरे? १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन माणसे मेली, ते तेल काही इंडोनेशियाचे नव्हते.

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वात भारी आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणाऱ्या स्वावलंबनाला महाराष्ट्रात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणूनच मी गाव हे एकक धरत नाही, तालुका किंवा जिल्हा धरतो. गाव एवढे लहान असते की तिथे एक घर सगळ्यांना नमवू शकते. तालुक्यात दुसरी गिरणी असते, दुसरा खरेदीदार असतो, पोलीस ठाणे आणि कोर्ट असते. आणि घाणा चालवायचा तो जन्माने नव्हे. शेतकरी उत्पादक कंपनी, महिला बचत गट, सहकारी संस्था यांनी तो चालवावा, कामगाराला किमान वेतन द्यावे, हिशेब सर्वांसमोर ठेवावा. आंबेडकरांनी १९१८ च्या त्यांच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते की शेतीवर गरजेहून जास्त माणसे आहेत, त्यांना उद्योगात हलवल्याशिवाय शेतीचे दुखणे हटणार नाही. तो उद्योग कुठे उभा राहायचा? शंभर वर्षांत तो मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात उभा राहिला आणि मराठवाड्यातला मजूर त्याच्यामागे किंवा ऊसतोडीमागे फिरत राहिला. शेतमालावर तालुक्यातच प्रक्रिया झाली, तर त्या निबंधातल्या मागणीला उत्तर मिळण्याची थोडी तरी शक्यता आहे. जात त्याने मोडेल असा दावा मी करणार नाही. ती मोडायला कायदा, शिक्षण आणि संघर्षच लागतो. भेसळीचेही तसेच. १९९८ नंतर सुटे तेल विकण्यावर बंदी आली, तिचा फटका लहान घाणेवाल्यांना बसला. शेंगदाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तेलात उतरते आणि घाण्याचे तेल शुद्धीकरणातून जात नाही, हा धोकाही खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे तालुक्याला तपासणीची प्रयोगशाळा आणि वाळवलेला, निवडलेला माल. प्रयोगशाळा उभारणे हे सॉल्व्हंट प्लांट उभारण्याहून फार स्वस्त आहे.

पूर्वपक्ष: आणि दुष्काळ पडला तर? १९७२ साली महाराष्ट्राच्या पोटात बाहेरून आलेली मिलो ज्वारी आणि सुकडी गेली म्हणून माणसे जगली. स्वावलंबी तालुका त्या वर्षी उपाशी मेला असता.

उत्तरपक्ष: बाहेरून यायचे रस्ते बंद करा असे मी एकदाही म्हटलेले नाही. पण रस्ते असले म्हणजे अन्न येतेच असेही नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खन उपाशी असताना हिंदुस्थानातून गहू विलायतेला जातच होता. १९७२ला वाचवले ते सरकारी दुष्काळी कामांनी आणि सरकारी धान्यवाटपाने. बाजारावर सोडले असते तर ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्यापर्यंत काहीच पोचले नसते. आणि विकणाऱ्याची मर्जी फिरली तर काय होते ते २८ एप्रिल २०२२ रोजी दिसले. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले होते, तेवढ्यात इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल पुरावे म्हणून पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण आपल्याकडे ज्यांचे सगळे स्वयंपाकघर पामतेलावर चालते त्यांनीच ती सोसली. इंडोनेशियाला दोष देता येत नाही. आपण कांद्याच्या बाबतीत तेच करतो. अडचणीत प्रत्येक देश आधी घरचे पाहतो, हे गृहीत धरूनच आपली गरज किती उघड्यावर ठेवायची ते ठरवले पाहिजे.

पूर्वपक्ष: सरकारनेही ते ओळखलेच आहे. पाम लागवडीच्या अभियानाला २०२१ साली ११,०४० कोटी, तेलबियांच्या अभियानाला २०२४ साली १०,१०३ कोटी मंजूर झाले. मग तक्रार कशाची?

उत्तरपक्ष: पहिल्याची. पामचा घड तोडल्यावर दिवसभराच्या आत गिरणीत पोचावा लागतो, त्यामुळे शेतकरी आपल्या भागाला नेमून दिलेल्या एकाच गिरणीला बांधला जातो. बाग लावली की तीस वर्षे तेच. देशाचा आयातखर्च त्याने घटेल, पण त्या शेतकऱ्याच्या हातात सोयाबीनवाल्यापेक्षाही कमी राहील. देश स्वावलंबी होणे आणि तालुका स्वावलंबी होणे या एकच गोष्टी नाहीत, आणि दोन्हींत निवड करायची वेळ आली तर पैसा तालुक्याच्या बाजूला जावा असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष: शेवटी भाव. घाण्याचे शेंगदाणा तेल पामतेलाच्या दुपटीने आणि त्याहूनही महाग पडते. ते पुण्या-मुंबईचा सुखवस्तू माणूस घेतो. रेशनच्या रांगेतल्या बाईने काय घ्यायचे?

उत्तरपक्ष: आज तिला ते परवडत नाही आणि केवळ आवाहनाने परवडणारही नाही. म्हणून पहिला ग्राहक सरकार असले पाहिजे. अंगणवाडी, आश्रमशाळा, शालेय पोषण आहार, वसतिगृहे यांना रोज तेल लागते आणि ते सरकारी पैशातूनच येते. ते त्या-त्या तालुक्यातल्या गिरणीकडून हमीभावाने घेतलेल्या करडईचे, भुईमुगाचे, तिळाचे असावे. तमिळनाडूत रेशनवर सवलतीचे पामतेल मिळते आणि तिथले नारळ व भुईमूग उत्पादक कित्येक वर्षे म्हणत आहेत की सवलत द्यायचीच तर आमच्या तेलाला द्या. ती मागणी रास्त आहे, कारण पैसा तोच आहे, फक्त तो कुणाच्या हाती जातो ते बदलते. गिरणीला अशी कायमची मागणी मिळाली की तिचा खर्च उतरतो, मग दुकानातला भावही थोडा उतरतो. पामतेलाच्या पातळीला तो येणार नाही हे मी कबूल करतो. उरलेला फरक भरून काढण्यासाठी आयातशुल्क पाच-सात वर्षांसाठी आधीच जाहीर करून स्थिर ठेवावे लागेल आणि त्या वाढीव शुल्कातून आलेला पैसा रेशनच्या तेलासाठी वेगळा काढावा लागेल.

पूर्वपक्ष: आणि निर्यातबंदी?

उत्तरपक्ष: ती नको. शेतकऱ्याला घरच्या बाजारासाठी पिकवायला सांगायचे असेल, तर बाहेरचा बाजार त्याच्यासाठी उघडाच असला पाहिजे. इथवर तुमचे माझे जमते. आयातशुल्कावर जमत नाही, आणि ते मान्य करूनच थांबावे लागेल. तुम्हाला ते शुल्क ग्राहकावरचा कर वाटते, मला ते १९९४ नंतर तेलबिया पिकवणाऱ्याने तीस वर्षे मुकाट्याने भरलेल्या कराची थोडीशी परतफेड वाटते.